ब्रिटनचा समुद्रकिनारा हिवाळ्यात : दोन दिवसांसाठी कुठे जावं?

रानमेवा :

इकडे राहणारी आपली बहुतेक मंडळी समुद्रावर जातात ती जुलै-ऑगस्टात. शाळांना सुट्टी असते, ऊन असतं, मुलांना वाळूत खेळता येतं, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण माझं आता ठाम मत झालंय, की हातात दोनच दिवस असतील आणि खरोखर काही बघायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावं. उन्हाळ्यात किनाऱ्यावर जे असतं ते बहुतेक माणसांनी मांडलेलं असतं. हिवाळ्यात समुद्र स्वतः कामाला लागतो. कडे ढासळतात, आतले दगड उघडे पडतात, सील पिल्लं घालायला वाळूवर येतात, उत्तरेकडून पक्षी उतरतात. ऑगस्टात पैसे मोजूनही हे बघायला मिळत नाही.

या जानेवारीत आम्ही शनिवार-रविवार लाइम रेजिसला गेलो होतो, त्याबद्दल लिहिते. तुम्हीही आपापली ठिकाणं सांगा, म्हणजे माहिती एकाच जागी जमेल.

लाइम रेजिस हे डॉर्सेटमधलं छोटं गाव, डेव्हनच्या हद्दीला लागून. आम्ही गाडीने गेलो. रेल्वेने जायचं तर लंडन वॉटर्लूहून एक्सेटरकडे जाणारी गाडी पकडून अ‍ॅक्समिन्स्टरला उतरायचं (पावणेतीन तासांच्या आसपास) आणि तिथून बस. हिवाळ्यात रविवारी बस कमी असतात, तेवढं आधी बघून ठेवा. गाव चांगलंच उतारावर आहे. ब्रॉड स्ट्रीट थेट समुद्राकडे उतरते आणि खाली पोचलात की उजव्या हाताला दूरवर ‘कॉब’ दिसतो. हा मध्ययुगापासूनचा दगडी धक्का, बंदराला कवेत घेऊन समुद्रात वळत गेलेला. त्याची वरची वाट समुद्राच्या बाजूला कललेली आहे आणि कठडा नाही. लाटा वरून येत असतील तर तिथे चढू नका, खालच्या वाटेने चाला.

लोक इथे येतात ते जीवाश्मांसाठी. डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनचा हा सगळा किनारा २००१पासून जागतिक वारसा स्थळ आहे. मेरी अ‍ॅनिंग याच गावची, जन्म १७९९चा. बाप सुतार. तो लवकर गेला आणि घर कर्जात. मुलगी किनाऱ्यावर सापडणारे ‘विचित्र दगड’ पर्यटकांना विकून घर चालवायची. १८११मध्ये तिच्या भावाला एक मोठी कवटी दिसली. पुढच्या वर्षी मेरीने त्याच प्राण्याचा बाकीचा सांगाडा शोधून काढला, तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तो इक्थिओसॉर, म्हणजे समुद्रात राहणारा एक प्राचीन सरपटणारा प्राणी. १८२३मध्ये तिला प्लेसिओसॉर या दुसऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा पहिला संपूर्ण सांगाडा मिळाला. लंडनचे विद्वान तिच्याकडून नमुने विकत घ्यायचे, त्यावर निबंध वाचायचे, आणि लंडनच्या भूशास्त्र संस्थेत मात्र तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता. तिचं घर होतं त्या जागेवर आज गावचं संग्रहालय आहे. २०२२मध्ये तिचा पुतळाही उभा राहिला. ती आणि तिचा कुत्रा ट्रे, दोघंही चालताना दाखवलेत. हा ट्रे १८३३मध्ये दरडीखाली सापडून गेला, मेरी त्याच्यापासून अगदी जवळ उभी होती.

महत्त्वाचं म्हणजे ती शोधायला बाहेर पडायची ती मुख्यतः हिवाळ्यात. वादळानंतर दरड कोसळते, लाटा माती धुऊन नेतात आणि आतले जीवाश्म मोकळे होतात. ते पुन्हा समुद्रात जायच्या आत उचलायचे. आजही हिशोब तोच आहे.

आम्ही शनिवारी सकाळी शेजारच्या चारमथला गेलो. तिथल्या किनाऱ्यावरच हेरिटेज कोस्ट सेंटर आहे. त्यांच्या मार्गदर्शकाबरोबरची फेरी आधी बुक केली होती. पहिल्यांदा जाणाऱ्याने हेच करावं, कारण नजर तयार व्हायला वेळ लागतो आणि ती बाई पाच मिनिटांत तयार करून देते. तिने सांगितलं, कड्याकडे बघूच नका, पाण्याच्या कडेला जिथे बारीक खडी साठते तिथे बसा. माझी लेक गमबूट घालून उकिडवी बसली. लाट मागे सरकली की ओल्या खडीत क्षणभर एखादा कण वेगळा चमकतो. काळ्या खड्यांत एक पितळी ठिपका. तिने तो चिमटीत उचलला. नखाएवढा अमोनाइट, म्हणजे एका नामशेष समुद्री प्राण्याचा शंख, चकलीसारखा वेटोळा, बाहेरच्या कडेवर बारीक कंगोरे, आणि अगदी मधोमध टाचणीच्या टोकाएवढं पहिलं वेटोळं, तेही शाबूत. पायराइट या चमकदार खनिजाचा होता, म्हणून पिवळा. तो प्राणी सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वी जिवंत होता हे कळल्यावर तिने मूठ मिटली ती घरी येईपर्यंत. मग दुपार कशी गेली कळलं नाही. हात गारठले, नाक लाल झालं, पण ‘चला’ म्हणायची कुणाची तयारी नव्हती.

संध्याकाळी मुक्कामी परत. मोसम नसल्यामुळे समुद्राकडे खिडकी असलेली खोली उन्हाळ्यातल्या भावापेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळाली होती. रात्रभर लाटांचा आवाज.

---

थंडीवाला :

लेख आवडला, पण माझा अनुभव अगदी उलटा आहे म्हणून लिहितो. डिसेंबरमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावी गेलो होतो. सकाळी आठपर्यंत अंधार, दुपारी पावणेचारला पुन्हा अंधार. मधल्या वेळात आडवा पाऊस. निम्मी दुकानं बंद, कॅफे तीनला बंद, लहान मुलांसाठी गेम्सच्या मशिनींशिवाय काही नाही. दोन लहान मुलं घेऊन एका खोलीत बसून राहिलो. त्या खर्चात थोडी भर घालून कॅनरी बेटांवर ऊन खाता आलं असतं. ज्यांना निसर्गाची खास आवड आहे त्यांच्यासाठी ठीक असेल, सरसकट सगळ्यांना सुचवावं असं मला वाटत नाही.

---

भूगर्भ :

रानमेवाताई, वाचनखूण साठवली आहे. माझा विषय असल्यामुळे दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

लाइम-चारमथचे कडे चुनखडी आणि चिखलाचे खडक यांच्या आलटून-पालटून थरांचे आहेत. पावसाळी हिवाळ्यात पाणी मुरतं, चिखलाचा थर निसरडा होतो आणि वरचा भाग घसरतो. दोन्ही गावांच्या मधला ‘ब्लॅक व्हेन’ हा कडा युरोपातल्या मोठ्या किनारी भूस्खलनांपैकी एक आहे. म्हणजे जे जीवाश्म बाहेर काढतं तेच माणसाच्या अंगावरही येऊ शकतं. कड्याच्या पायथ्याशी बसू नये, कड्यावर हातोडी चालवू नये, ताज्या चिखलाच्या लोळावर पाय देऊ नये. वरून कोरडा दिसला तरी आत गुडघाभर रुततो.

आपल्याकडच्या लोकांना इथे इतकं अप्रूप का वाटतं, तर महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टचा, लाव्ह्याचा. सह्याद्रीत कितीही भटका, समुद्री जीवाश्म असे पायाशी पडलेले मिळत नाहीत. गंमत अशी की अमोनाइट पृथ्वीवरून नाहीसे झाले ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरबरोबर. नेमक्या त्याच सुमारास आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा बाहेर पडत होता. चारमथच्या वाळूत सापडतो त्या प्राण्याचं अख्खं कूळ आपला सह्याद्री घडत असताना शेवटच्या घटका मोजत होतं. उल्कापात आणि हे ज्वालामुखी यांपैकी कुणाचा वाटा किती, यावर अजून संशोधन चालू आहे.

आणि अमोनाइट आपल्या देवघरातही आहे. नेपाळच्या गंडकी नदीतून येणारा शाळिग्राम म्हणजे अमोनाइटचाच जीवाश्म. त्याच्यावर दिसणारं चक्र म्हणजे त्या शिंपल्याचं वेटोळं. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्यातला तो.

लेकीला सांगा, पायराइटचा अमोनाइट गोड्या पाण्यात चांगला धुऊन, पूर्ण वाळवून, कोरड्या डबीत ठेवायचा. दमट हवेत पायराइट हळूहळू भुसभुशीत होतो. सुटे पडलेले छोटे नमुने घरी नेता येतात. काही मोठं किंवा वेगळं सापडलं तर चारमथच्या केंद्रात दाखवून नोंद करावी.

---

रानमेवा :

@भूगर्भ, शाळिग्रामाचं वाचून लेक थेट आजीला फोन लावून बसली आहे. खूप आभार.

@थंडीवाला, तुमचं म्हणणं बरोबर आहे, विशेषतः डिसेंबरबद्दल. म्हणूनच मी जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी सुचवेन. दक्षिण किनाऱ्यावर डिसेंबरअखेर सूर्य चारच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या मध्यावर सव्वापाच होतात. त्या सव्वा तासाने दिवस हाताशी लागतो. दुसरं, मुलांना ‘फिरायला चला’ म्हटलं तर ती वीस मिनिटांत कंटाळतात. त्यांना काम लागतं. शोधायला काहीतरी, मोजायला काहीतरी. ते असलं की पाऊस त्यांना आपल्यापेक्षा कमी लागतो. नुसतं ‘समुद्राकाठचं गाव’ म्हणून हिवाळ्यात जाऊ नये, हे मलाही पटतं. त्या ठिकाणी त्या महिन्यात नेमकं काय घडतं ते बघून गाव निवडावं.

---

सागरवेळ :

हेच म्हणायला आले होते. नेमकं काय घडतं ते बघून जायचं असेल तर नॉरफकचं हॉर्सी. ग्रे सील तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून वाळूवर येतात, पिल्लं जानेवारीपर्यंत दिसतात.

आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला गेलो, मुक्काम नॉर्विचला. गाडी नसेल तर हॉर्सी अवघड आहे, हे आधीच सांगते. वाहनतळावरून वाळूच्या टेकड्यांवरची वाट धरायची. खाली किनाऱ्यावर उतरायला या काळात बंदी असते. दोर लावलेले असतात आणि फ्रेंड्स ऑफ हॉर्सी सील्सचे स्वयंसेवक दिवसभर उभे असतात. त्यातल्या एका आजोबांनी आम्हाला अर्धा तास समजावून सांगितलं.

पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण १४ किलोचं असतं, अंगावर पांढरी मऊ लव. आईच्या दुधात जवळपास ६० टक्क्यांपर्यंत चरबी असते, त्यामुळे पिल्लू दिवसाला दोनेक किलोनं वाढतं. आई या काळात काही खात नाही. तीनेक आठवडे दूध पाजून, स्वतः रोडावून, ती समुद्रात निघून जाते ती परत येत नाही. पिल्लू एकटंच वाळूवर राहतं, पांढरी लव झडू देतं, भूक अनावर झाली की आपलं आपण पाण्यात उतरतं. पोहायला, शिकार करायला कुणी शिकवत नाही.

आमच्या समोर, टेकडीच्या अगदी खाली, एक मादी कुशीवर पडली होती आणि पिल्लू दुधासाठी ढुशा देत होतं. वारा इतका की वाळू जमिनीसरशी वाहत होती. पिल्लाच्या डोळ्यांच्या कडेला वाळू जमली की ते मिटून पुसल्यासारखं करायचं आणि डोळ्यांतून पाण्याची ओली रेघ खाली उतरायची. शेजारून दुसरी मादी सरकत आली तशी हिने मान वर काढून जे गुरगुरणं सुरू केलं, ते ऐकून माझा सहा वर्षांचा मुलगा माझ्यामागे लपला. मग बराच वेळ तो काही बोललाच नाही, नुसता बघत राहिला.

एक कळकळीची विनंती. फोटोसाठी दोर ओलांडणारे लोक मी तिथे बघितले. माणूस जवळ गेला तर आई घाबरून पाण्यात जाते, आणि कधी कधी पिल्लाला सोडूनच देते. मग ते पिल्लू उपाशी मरतं. टेकडीवरून साध्या दुर्बिणीने सगळं छान दिसतं. कुत्रा नेणार असाल तर साखळी सोडू नका.

लिंकनशरचं डॉना नूकही याच कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथे कुंपणाआडून सील अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. पण शनिवार-रविवारी तिथे फार गर्दी होते आणि तिथली संस्था स्वतःच लोकांना आठवड्यातल्या इतर दिवशी यायला सांगते. रजा टाकता येत असेल तर शुक्रवारी जा.

---

कोळीवाडा :

सागरवेळ, फार सुंदर लिहिलंयत.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, सध्या केंटमध्ये. मला समुद्रावर गेलो आणि मासळी बघितली नाही तर गेल्यासारखं वाटत नाही. त्यासाठी हिवाळ्यात ईस्ट ससेक्सच्या किनाऱ्यावरचं हेस्टिंग्ज. तिथे बंदर नाही. होड्या थेट गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि तिथूनच समुद्रात ढकलतात. अशा पद्धतीने चालणारा युरोपातला हा सगळ्यात मोठा ताफा मानतात. मागे उंच, अरुंद, काळ्या लाकडी खोपटांची रांग आहे, पूर्वी जाळी कोरडी ठेवायला वापरायचे. जागा थोडी म्हणून वर वर चढवलेली. होडी वर ओढताना बघितली आणि मला आमच्या किनाऱ्यावरची माणसं दिसायला लागली. तोच खाऱ्या दोरांचा वास, गलबतांवर तेच ओरडणं, भाषा तेवढी वेगळी.

जवळच मासळीची दुकानं आहेत. थंडीत हेरिंग, कॉड, व्हायटिंग मिळतं. हेरिंग आमच्या तारली-पेडव्यांच्या कुळातलं, चवीला तेलकट आणि काट्यांनी भरलेलं. स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या, घरून मालवणी मसाला, कोकम, तिरफळं आणि फ्रोझन खोबरं न्या. संध्याकाळी अंधार पडला की रेस्टॉरंट शोधत भिजण्यापेक्षा घरात गरम भात आणि हेरिंगचं तिखलं. एक्झॉस्ट पंखा लावा आणि खिडकी उघडी ठेवा, कॉटेजवाल्याला त्रास नको.

कालवं आवडणाऱ्यांनी केंटमधल्या व्हिटस्टेबलला जावं. तिथली मूळची स्थानिक कालवं सप्टेंबर ते एप्रिल एवढीच मिळतात, उन्हाळ्यात त्यांचा विणीचा काळ. म्हणजे हाच मोसम. तिथे ती कच्चीच खातात, लिंबू पिळून. मला मात्र आमच्यासारखी कांद्यावर परतलेलीच आवडतात.

भरतीबद्दल एक सांगतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तो हिशोब इथे लावू नका, इथे प्रत्येक बंदराची वेळ वेगळी आहे आणि शेजारशेजारच्या गावांतही फरक पडतो. छापील वेळापत्रक बघायचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, एवढं मात्र तिथलं तेच इथं.

---

आजोळ :

खूप उपयोगी धागा. माझे आईबाबा फेब्रुवारीत साताऱ्याहून येत आहेत. बाबा सत्तरीचे, गुडघे दुखतात. आई समुद्र म्हटला की खूश. आम्ही मँचेस्टरला, गाडी नाही. चढउतार नसलेलं, ट्रेनने जाता येईल असं काही आहे का? सील, जीवाश्म त्यांना झेपणार नाहीत.

---

पांथस्थ :

@आजोळ, लँडिडनो. उत्तर वेल्समध्ये, मँचेस्टरहून ट्रेनने जाता येतं, काही गाड्यांना लँडिडनो जंक्शनला बदलावं लागतं. ग्रेट ऑर्म आणि लिटल ऑर्म अशा दोन डोंगरांच्या मध्ये अर्धगोल खाडी आणि तिच्या कडेने रुंद, अगदी सपाट फरसबंद वाट. बसायला जागोजागी आडोशाचे बाक. १८७७चा ७०० मीटर लांबीचा लाकडी फळ्यांचा धक्का आहे, हिवाळ्यातही उघडा असतो. बाबांना हळूहळू टोकापर्यंत जाता येईल. फळ्या ओल्या असतात, काठीला रबरी टोक असू द्या.

ग्रेट ऑर्मवर जाणारी जुनी ट्राम हिवाळ्यात बंद असते, तिच्या भरवशावर राहू नका. पण त्या डोंगरावर काश्मिरी बकऱ्यांचा कळप आहे, मोठी वाकडी शिंगं आणि लांब पांढरी लोकर. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात इथे सोडले गेले. हवा बिघडली की त्या खाली गावात उतरतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्यांनी रस्ते ताब्यात घेतले होते ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. आईबाबांना चौकात उभी काश्मिरी बकरी दिसली तर ती गोष्ट साताऱ्यात वर्षभर पुरेल.

हॉटेल समुद्रासमोरच्या रांगेतलंच घ्या आणि लिफ्ट आहे ना ते फोन करून विचारा. जुन्या इमारती आहेत, सगळीकडे नसते. तिघं-चौघं एकत्र प्रवास करणार असाल तर रेलकार्डाचा (रेल्वेच्या सवलतीच्या कार्डाचा) हिशोब करून बघा, बऱ्याचदा एकाच फेरीत पैसे वसूल होतात.

---

सांजवात :

ब्रायटनबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. लंडनहून तासाभरावर, म्हणून लोक त्याला वीकेंडचं ठिकाण मानतच नाहीत. पण हिवाळ्यात तिथे दोन दिवस काढावेत अशा दोन गोष्टी आहेत.

पहिली, स्टार्लिंग पक्षी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास पॅलेस पिअरपाशी पोचायचं. धक्क्याच्या खालच्या लोखंडी सांगाड्यात ते रात्री झोपतात. आधी छोटे छोटे थवे येतात, मग एकमेकांत मिसळून हजारोंचा एकच थवा होतो, आणि तो पाण्यावर ताणला जातो, दुमडतो, काळा होतो, विरळ होतो. अंधार पडता पडता सगळे एकदम धक्क्याखाली शिरतात. बारामती-सोलापूरकडच्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या याच कुळातल्या, ज्वारीच्या शेतांवर त्यांचे असेच थवे फिरतात. वाऱ्या-पावसाच्या दिवशी थवा लवकर बसतो, म्हणून दोन संध्याकाळी हाताशी असाव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे छत्री, म्हणजे हिंदी सैनिकांचं स्मारक. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१४ च्या अखेरीस ब्रायटनमध्ये रुग्णालयं उघडली. त्यातलं एक थेट रॉयल पॅव्हिलियनमध्ये, म्हणजे चौथ्या जॉर्जने आपल्या मौजेसाठी बांधलेल्या घुमटांच्या महालात. झुंबरांखाली खाटांच्या रांगा लावल्या होत्या. धर्म आणि जातीप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं होती, एकूण नऊ. तिथे वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर शहराबाहेरच्या टेकड्यांवर अग्निसंस्कार झाले. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला झालं. जिथे चिता पेटल्या त्या जागेवर १ फेब्रुवारी १९२१ रोजी छत्रीचं उद्घाटन झालं. पांढऱ्या संगमरवरी आठ खांबांवर घुमट, आणि त्याचे वास्तुकार ई. सी. हेन्रिकेस हे मुंबईचे. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

पॅचमपर्यंत बस जाते, पुढे शेतांतून चढ आहे. हिवाळ्यात वाट चिखलाची असते, बूट चांगले हवेत. मी गेले तेव्हा वर कुणीच नव्हतं. मेंढ्या, वारा, आणि दूर खाली समुद्राची करडी पट्टी. शेजारच्या नव्या स्मारकावर त्या ५३ जणांची नावं कोरली आहेत. मी ती सगळी वाचली, मोठ्याने. घरापासून इतक्या लांब, अशा थंडीत गेलेली माणसं. उन्हाळ्यात तिथून छान देखावा दिसत असेल. पण डिसेंबरच्या वाऱ्यात उभं राहिलं की ते कशातून गेले याचा अंदाज येतो. इथे राहणाऱ्या प्रत्येकाने मुलांना एकदा तरी तिथे न्यावं.

पॅव्हिलियनमध्ये त्या रुग्णालयाबद्दल माहिती मांडलेली आहे, आणि बागेच्या दक्षिण दारावर १९२१ची हिंदी कमान आहे. तीही बघा.

---

थंडीवाला :

सांजवात, छत्रीबद्दल खरंच माहीत नव्हतं. ब्रायटनला असंख्य वेळा गेलो आहे. या महिन्यातच जाऊन येईन.

डिसेंबर आणि लहान मुलं याबद्दलचं माझं मत कायम आहे. पण फेब्रुवारीत, काहीतरी ठरवून जायचं, हे पटलं. सुरक्षिततेबद्दल मात्र अजून लिहायला हवं. दर हिवाळ्यात लाटांचे व्हिडिओ काढायला गेलेले लोक वाहून गेल्याच्या बातम्या येतात.

---

भूगर्भ :

योग्य मुद्दा. थोडक्यात लिहितो.

निघण्याआधी दोन गोष्टी बघायच्या : हवामान खात्याचा इशारा (पिवळा, अंबर, लाल) आणि त्या गावाचं भरतीचं वेळापत्रक. अंबर इशारा असेल तर बेत पुढे ढकला. पैसे परत मिळतील अशीच बुकिंग करा.

ओहोटी लागल्यावर किनाऱ्यावर उतरायचं आणि पाणी परत वळायच्या आत माघारी निघायचं. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास असतात, त्यामुळे वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कालची वेळ आज धरू नये. लाइम आणि चारमथच्या मधला पट्टा भरतीला पूर्ण पाण्याखाली जातो, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. यॉर्कशरच्या रॉबिन हूड्स बेच्या आसपासही तेच.

हिवाळ्यात पाणी ६ ते १० अंशांच्या घरात असतं. अशा पाण्यात अचानक पडलं की श्वासावरचा ताबा सुटतो, पट्टीचा पोहणाराही गटांगळ्या खातो. कुणी पाण्यात पडलेलं दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. ९९९ लावा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा. तिथून पुढे लाइफबोट सुटते. आरएनएलआय या समुद्री बचाव संस्थेच्या लाइफबोटींवर बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात, संस्था १८२४पासून देणग्यांवर चालते. गावात त्यांची पेटी दिसली तर दोन पाउंड टाका.

---

आजोळ :

@पांथस्थ, लँडिडनो नक्की केलं. समुद्रासमोरची खोली, लिफ्ट आहे. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार-रविवार. आईबाबांना कपडे काय सांगू? साताऱ्यात घेऊन ठेवतील म्हणत आहेत.

---

रानमेवा :

तिकडून फक्त लोकरीचे मोजे, कानटोपी आणि आतून घालायचे थर्मल आणायला सांग. जाड स्वेटरवर पैसे घालवू नका. समुद्रावर थंडीपेक्षा वारा बोचतो आणि स्वेटरमधून तो आरपार जातो. वरून वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं जाकीट हवं, ते इथे जानेवारीच्या सेलमध्ये घे. आई साडी नेसत असतील तर आतून थर्मल लेगिंग आणि बंद बूट. छत्रीचा उपयोग नाही, पहिल्याच झोतात उलटते. थर्मासमध्ये चहा भरून घ्या, संध्याकाळी चारनंतर कॅफे उघडा सापडेलच असं नाही. धक्क्यावर सकाळी अकरा ते दोनच्या मध्ये जा, तेव्हा उजेड चांगला असतो आणि बाबांच्या गुडघ्यांनाही तीच वेळ बरी.

बकऱ्या दिसल्या तर फोटो इथे टाक.